न कापता पाहणारे भाऊजी

साऱ्या रायपुरात काहीही न उघडता आतलं सांगणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बहिणीने नवरा म्हणून पसंत केला. भाऊजींना झाकण काढणं, फोडणं, कापणं यातलं काहीच आवडत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी जेवायला आले तेव्हा आई पपई कापायला बसली होती. "आई, थांबा नं, कापू नका," म्हणत त्यांनी खिशातला टॉर्च काढला, पपई देवघराच्या अंधारात नेली, चारही बाजूंनी उजेड पाडून पाहिला आणि जाहीर केलं, "एकदम पिकली आहे." आईने कापली तर आत दुधी भोपळ्यासारखी पांढरी! संध्याकाळी तिची भाजी झाली. भाऊजींनी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, "टॉर्च कमजोर होता."

हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे. राज्य नवं झालं, राजधानी नवी झाली, तशी इथे एक नवी प्रयोगशाळाही आली. तिथे भाऊजी काचेच्या बशीत माणसाची कातडी वाढवतात. त्यांचे सख्खे काका भनपुरीच्या कारखान्यात भट्टीवर भाजले होते, तेव्हापासून हे वेड. कातडी किती जाड झाली हे पाहायला पूर्वी तिचा तुकडा कापून, रंगवून भिंगाखाली धरत. भाऊजी तिच्यावर नुसता मंद प्रकाश सोडतात. तो आतल्या एकेका थरावरून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. "कापलं तं दिसते, पन मंग वाढत नाही," हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. बशीला ते लाडाने 'पोट्टी', म्हणजे पोरगी, म्हणतात. रविवारीसुद्धा तिला पाहायला जातात. गुढियारीच्या त्यांच्या पानवाल्याने एकदा कौतुकाने विचारलं, "भैया, बिटिया कितने महीने की हो गई?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "अभी तो छब्बीस दिन की है." त्याने पानाचे पैसे घेतले नाहीत.

गेल्या वर्षी अशा तीन बशा होत्या. वीज गेली आणि दोन नासल्या. उरलेली एक मात्र अशी वाढली की भाऊजी जेवताना मध्येच हसायचे. तेव्हा त्यांच्या वरिष्ठ डॉक्टरांनी सांगितलं, ही कापून तुमच्या चित्राशी जुळवून दाखवा. जुळलं तर यंत्र पुढे रुग्णांसाठी वापरू, नाही तर प्रकाशाचा नाद सोडा. भाऊजींचं जेवण सुटलं. मला उगाच ती पपई आठवत होती. ताई म्हणाली, "हे रात्रंदिवस एकच बोलून राहिले, अजून चार दिवस वाढू द्यायची होती."

दसऱ्याच्या सकाळी कापायचं ठरलं. दुपारी भाऊजी थेट आमच्याकडे आले आणि चप्पल न काढताच पायरीवर बसले. आई घट उठवत होती. ती तशीच बाहेर आली.

"काहून जवाईबापू, जुळलं नाही का?"

"जुळलं आई. एकूण एक थर जुळला. डॉक्टरसाहेबांनी उभं राहून हात मिळवला."

"मंग तोंड असं काहून?"

"आता पोट्टी वाढनार नाही नं," भाऊजी म्हणाले.

आई आत गेली, घटातले पिवळे अंकुर मूठभर उपटून घेऊन आली आणि त्यातले दोन-चार भाऊजींच्या कानामागे खोचले.

"नऊ दिवस मी बी याले हात नाही लावला. पानी घातलं अन् पाहात बसली. आज उपटलं."

"वाईट वाटते का, आई?"

"दरवर्षी वाटते," आई म्हणाली आणि हात पुसत त्यांचं पान वाढायला गेली.

भाऊजी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. सोमवारी नवी बशी लावायची, तिची तयारी करायला म्हणून लवकर निघाले. कानामागचे अंकुर काढायचे ते विसरले होते, आणि एरवी थट्टेची एकही संधी न सोडणाऱ्या मलाही ते सांगावंसं वाटलं नाही.