पत्ता मिळणार नाही

मेहरूणच्या चौकात एका टेम्पोने माझ्या उभ्या गाडीचं दार चेपलं आणि तो पळून गेला. नंबर मी टिपला होता, पण मोबाईलवर आरटीओच्या अ‍ॅपमध्ये मालकाच्या नावाच्या जागी नुसत्या फुल्या दिसत होत्या. विमा कंपनीच्या माणसाला पोलिसांचा कागद दाखवून आरटीओतून पूर्ण पत्ता मिळाला. मला मात्र तो देईना. "गोपनीय आहे, भाऊ." गाडी माझी चेपायची आणि गुपित त्याचं जपायचं! मी फोनवर असा ओरडलो की शेजारी गॅलरीत आले.

दार दुरुस्त झालं. मग एका रविवारी धुळ्याकडचा एक माणूस घरच्या शेंगांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. टेम्पो त्याचाच होता. त्या दिवशी घाबरून पळालो, म्हणाला, आणि हात जोडले. शेंगा फोडता फोडता माझा राग कुठे गेला, कळलंच नाही. घर कसं सापडलं, मी विचारलं.

"चौकमा पानवालाले इचारं. इमावाला साहेब मना घर उना व्हता, पन तुमना पत्ता दिन्हा नही. म्हने, तो मानूस भलता तापट शे."

बायको चहाचे कप ठेवत म्हणाली, "चला, पत्ता तेवढा गुप्त ठेवला त्याने."