दात न पाहता घेतलेला कॉम्प्युटर

केनवडच्या ग्यानबाची अख्खी हयात बैलांचे जबडे उघडण्यात गेली. दलालच तो! दोन दाती, चार दाती, सगळे दात येऊन जुळलेला. बोट घातलं की वय सांगे. कानस मारून म्हाताऱ्या बैलाचे दात तरणे करणारे त्याला ठाऊक होते, आणि खोटं कशाला बोला, दोन-चार बैल त्यानंही तसेच खपवले होते. पण ट्रॅक्टर आले, बाजार बसला आणि ग्यानबाही ओट्यावर बसला. कोणी विचारीना. बसल्या बसल्या माणूस वाळत गेला.

त्याची लेक सुकेशनी नवरा वारल्यावर माहेरी आलेली. लोकांच्या वावरात निंदून निंदून तिची कंबर कामातून गेली होती. अशात तिला घरबसल्या कॉम्प्युटरवर नोंदी भरायचं काम मिळालं. अट एकच: नवं विंडोज चालेल असा कॉम्प्युटर सोमवारपर्यंत घरात हवा. नवा घ्यायची ऐपत कुठली! तिनं कानातलं मोडलं आणि जुना घ्यायला वाशीमला निघाली.

"मी येतो," ग्यानबा म्हणाला. "जुनं पारखनं माह्यं काम हाय." बाजारात जायचा तो पांढरा दुपट्टा त्यानं खांद्यावर टाकला. तिला नाही म्हणवेना.

दुकानदारानं काळाकुळकुळीत डबा पुढं ठेवला. वर आठव्या पिढीचं चकचकीत स्टिकर. काय पाहायचं ते सुकेशनीला ठाऊक होतं: प्रोसेसर खरंच कोणत्या पिढीचा, रॅम किती, हार्ड डिस्क किती झिजली. तिनं माऊसकडं हात नेला.

"थांब व, मले पाहू दे." ग्यानबानं डब्यावरून तळवा फिरवला, कान लावून पंख्याचा आवाज ऐकला, मागून-पुढून पाहिलं. दुकानदारही वस्ताद. "काका, नजर पक्की हाय तुमची!" म्हणाला. झालं! म्हातारा फुलला. बैलबाजारातल्यासारखा दुपट्ट्याखाली दुकानदाराचा हात धरून त्यानं बोटांच्या खुणांवर सौदा तोडला.

"बाबा, एकदा मले आतलं पाहू द्या ना," सुकेशनी हळूच म्हणाली.

"आता?" त्यानं डोळे वटारले. "दुपट्ट्याखाली हात भेटल्यावर जनावराचं तोंड उघडत नाईत. जबान देल्ली ना मी!"

कितीतरी दिवसांनी बाप असा ताठ उभा होता. चार लोकांत त्याला खाली कसं पाहायला लावायचं? तिनं जीभ आवरली, आणि तिथंच घात झाला.

घरी आल्यावर तिनं कॉम्प्युटरची माहिती उघडली. तिसरी पिढी. बारा वर्षांच्या वरचं खोड! नवं विंडोज त्याला झेपणारच नव्हतं. तिनं दुकानात फोन लावला, तर "काकांनी पारखूनच नेला ना?" म्हणून दुकानदारानं फोन ठेवून दिला. तिला रडू आलं.

"किती दाती निघाला व?" ग्यानबानं दारातून विचारलं.

सुकेशनीनं मान वळवली नाही. "चार दाती, बाबा. तरणा हाय. काम तेवढं पुढच्या महिन्यात सुरू होनार म्हन्तात."

 म्हातारा बैल खपवताना ग्यानबाही असाच बोलायचा, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं न पाहता.

सोमवारी सकाळी सुकेशनी खुरपं घेऊन निंदणाऱ्या बायांच्या ऑटोत चढली. कुठं चालली, हे ग्यानबानं विचारलं नाही. ऑटो गेल्यावर तो कॉम्प्युटरपाशी बसला आणि त्यानं नखानं स्टिकर उचललं. खाली जुनं, झिजलेलं दुसरं स्टिकर होतं.  मग अंगठ्यानं दाबून दाबून त्यानं वरचं स्टिकर होतं तसं चिकटवलं. आपल्या बापाला कळलं, हे पोरीला कळायला नको होतं.