घर राखायला कोण राहणार

माझी शाळा तिसरीत सुटली, म्हणून मला काही कळत नाही असं आमच्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलंय. बरं, धरा. पण हैदराबादेत, आमच्या काचीगुड्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना हात लावून बघा, निम्म्या ग्रील माझ्या वर्कशॉपच्या निघतील. वेल्डिंगनं डोळे अधू झाले, तरी जोड कच्चा कुठं आहे ते मी नुसतं बोट फिरवून सांगतो. आणि अशा माणसाचं घर आता प्लास्टिकचे डबे राखणार, हे मला माझ्या मुलानं माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून सांगितलं.

आमच्या घराची एक रीत होती. लग्न असो, बारसं असो, एकानं जायचं आणि एकानं घर राखायचं. ही रीत मीच पाडली. धंद्यात माझ्याकडे गिऱ्हाईक यायचं ते बहुतेक चोरी झाल्यावर. कपाळाला हात लावून सांगायचं, "काय करणार मिस्त्री, लग्नाला गेलो होतो सगळे." एवढं ऐकल्यावर कोण घर बंद करून जाईल? तेव्हा मी राहायचो आणि बायको जायची. माहेरच्या एकूण एक लग्नाला ती एकटी गेली. तिकडं जोडीला म्हणून आहेर करायचे, तर माझी टॉवेल-टोपी ती पिशवीत घालून घेऊन यायची.

यंदा तिच्या भावाच्या नातीचं लग्न नांदेडला निघालं. तिनं मला काही म्हटलं नाही. मुलाला म्हणाली, "या खेपेला मला यांच्या शेजारी उभं राहून अक्षता टाकायच्यात. पुढं कोण किती दिवस आहे." मग काय, मुलगा चोर शिरला की बोंबलणारे डबे घेऊन आला.

लावणारा माणूस अर्ध्या तासात मोकळा. ड्रिल नाही, वायर नाही, भिंतीला भोक नाही. दारांना दोन-दोन पांढरे तुकडे चिकटवले, हॉलच्या कोपऱ्यात एक डोळा, टीव्हीजवळ मुख्य डबा. मी म्हटलं, "वायर नाही तर हे एकमेकांशी बोलतात कसे?" मुलगा म्हणाला, "हवेतून, बाबा. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतं, आत सिम आहे. कुठंही असलो तरी माझ्या फोनवर कळतं, घर दिसतं."

"आणि माझी ग्रील?"

"ग्रील चोराला अडवते. पण चोर आलाय हे ती तुम्हाला सांगते का?"

मी उठून खिडकीची ग्रील दोन्ही हातांनी हलवून बघितली; तसूभर हलली नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दूध घ्यायला मी दार उघडलं आणि डबा असा बोंबलला की गल्ली गोळा झाली. आधी चावीच्या जुडग्यातलं बटण दाबून त्याला गप्प करायचं असतं म्हणे. स्वतःच्या दारातून बाहेर पडायला मी बटणाची परवानगी घ्यायची. आता बोला.

निघायच्या आधी मुलानं बजावलं, चावी कुणाकडे ठेवायची नाही. पण देवाजवळचा दिवा? आमच्या घरात संध्याकाळी दिवा लागला नाही असं झालेलं नाही, आणि तो डबा काही वात लावणार नव्हता. मी चावी शेजारच्या अण्णांकडे दिली. रिटायर बस कंडक्टर, तेलुगू माणूस, पण आमचं दोघांचं बोलणं हैदराबादीत. मुलाला सांगितलं नाही. प्रत्येक गोष्ट त्याला विचारून करायला मी काय त्याचा नोकर आहे? बटणाचं मात्र अण्णांना सांगायचं राहिलं. ते मला सुचायला हवं होतं, असं घरातले म्हणतात. म्हणू देत.

लग्न गोरज मुहूर्तावर. अक्षता वाटून झाल्या, भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं आणि मुलाचा खिसा कोकलायला लागला. फोन बघून त्याचा चेहरा उतरला. "बाबा, घरात कुणीतरी शिरलंय."

मी मुठीतल्या अक्षता खिशात कोंबल्या आणि चपला शोधायला लागलो. बस मिळेल, गाडी मिळेल, काहीतरी मिळेल. बायको जागेवरून हलली नाही. एवढंच म्हणाली, "जा तुम्ही. मला सवय आहे."

एक चप्पल सापडून पायात गेली होती. दुसरी शोधायला हात पुढं जाईना.

तेवढ्यात मुलानं फोन माझ्या नाकासमोर धरला. त्यात आमचा हॉल, आणि हॉलमध्ये एका कानावर तळहात दाबून, दुसऱ्या हातात काडेपेटी घेऊन अण्णा उभे. मुलानं नांदेडातूनच डबा गप्प केला आणि फोनमध्ये म्हणाला, "अण्णा, मैं बोल रहा हूँ." अण्णा दचकून छताकडे बघायला लागले.

"अरे बाप, तुमारा डब्बा मेरे कू चोर समझा! इदर करंट बी नै है, फिर बी चिल्लारा!"

मुलानं माझ्याकडे असं पाहिलं की मला मांडवाच्या झालरी मोजाव्याशा वाटल्या. बायकोनं फोन ओढून घेतला. "अण्णा, तेल खाली कप्पे में है. बत्ती छोटी रखो." मागं मंगलाष्टकं चालू, आजूबाजूचे पाहुणे हसताहेत, आणि ही पदर सावरून काचीगुड्याच्या देवाला दिवा लावून घेतेय. अण्णांनी फोनमध्ये दिसेल अशी ज्योत धरली तेव्हा तिनं तिथूनच हात जोडले. मग फोन परत देऊन मला म्हणाली, "चप्पल काढा ती. उभे राहा इथं."

राहिलो. खिशातल्या अक्षतांत सुपारीचे तुकडे मिसळले होते, तसेच टाकले.

नंतर आहेर झाला. तिच्या भावानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, ती कानाच्या वरच अडकून बसली. इतकी वर्षं हे लोक माझं डोकं अंदाजानंच धरत आले होते. बायको तोंडावर पदर घेऊन हसली.

डबा चांगला आहे असं मी अजून म्हटलेलं नाही. पण आता पत्रिका आली की कोण जाणार हे ती विचारतच नाही. सरळ दोन पिशव्या भरते आणि मला म्हणते, "अण्णांना बटणाचं सांगितलंत का?"