गुलाबी कागदातला चोविसावा आंबा

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत की तुमच्या तिथल्या दुकानात एका आंब्याला एवढे पैसे का पडतात, आणि तुमच्या आईने तो हातात घेऊन परत का ठेवला. मी म्हटलं, लांबून येतो, टिकत नाही, हंगाम थोडा. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मला अकराव्या वर्षी कलकत्त्यात कळलं. ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून आत्ताच बसून लिहिते आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही कालीघाटाजवळ भाड्याच्या घरात राहत होतो. बाबा खिदिरपूरच्या गोदीत कस्टमचे अधिकारी होते. आदल्या वर्षी माझे आजोबा वारले आणि आजी कोकणातून आमच्याकडे राहायला आली. आमच्या घरात अक्षय्य तृतीयेला गेलेल्यांच्या नावाने आंबा ठेवल्याशिवाय कोणी आंबा तोंडात घालत नसे. बंगालचा आंबा पिकतो ज्येष्ठात, आमचा सण येतो वैशाखात. म्हणून काकांनी रत्नागिरीहून हापूसची करंडी पाठवायचं कबूल केलं होतं. सण चार दिवसांवर आला तरी ती पोचली नव्हती.

त्या दिवशी सकाळची शाळा संपवून मी घरी आले, तर जिन्यातच वास आला. करंडी आली होती. आईने आंबे पलंगाखाली पेंढ्यावर मांडले होते. आई नि आजी दुपारच्या झोपल्या होत्या. एक आंबा पुरता पिकला होता. मी तो गच्चीवर नेऊन खाल्ला आणि कोय शेजारच्या कौलांवर भिरकावली.

संध्याकाळी बाबा आले. आजी पलंगापाशी बसून आंब्यांवरून उतरवलेले गुलाबी कागद बघत होती. आईने ते सरळ करून एकावर एक रचून ठेवले होते.

"हे काय गो सूनबाई? माझा धाकटा आंब्याला लुगडी कधीपासून नेसवायला लागला?"

आई हसली, पण बाबा हसले नाहीत. त्यांनी करंडी उलटी केली. तळाच्या पेंढ्यातून एक छापील कार्ड पडलं. ते वाचून बाबा खालीच बसले. ज्या व्यापाऱ्याची घड्याळांची खोकी बाबांनी गोदीत अडवून ठेवली होती, त्याचं ते कार्ड होतं. दुसऱ्या दिवशी बाबांना त्या खोक्यांचा निर्णय द्यायचा होता.

"अहो, हमाल म्हणाला मुंबईहून आलंय. मला वाटलं भावोजींचीच."

"एकही हललेला नाही ना? सकाळीच परत देतो. एक जरी खाल्ला तरी खाल्लाच म्हणतील. नोकरी जाईल."

त्यांनी आंबे मोजले. तेवीस. आईने कागद मोजले. चोवीस. बाबांनी पुन्हा आंबे मोजले.

मी सांगितलं.

आजीचा हात तोंडावर गेला. "आजोबांच्या आधी, बाय?" एवढंच म्हणाली. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. बाबा ओरडलेही नाहीत. "चपला घाल," म्हणाले.

ट्रॅमने आम्ही न्यू मार्केटला गेलो. हापूस तिथे एकाच फळवाल्याकडे होता आणि तो दुकान आवरत होता.

"एक?" तो हिंदीत म्हणाला. "बाबू, हा माल कोणी एकेक नेत नाही."

त्याने सांगितलेल्या पैशांत आमच्या घरी दोन दिवसांची भाजी आली असती. मी घाबरत विचारलं, "एवढा महाग का?"

"मुंबईहून येतो, बेटी. वाटेत उन्हाने अर्धा सडतो. सडलेल्याचे पैसे वाचलेल्यातूनच काढायचे. आणि खरं सांगू? या दिवसांत हा आंबा खाणारा घेतच नाही, देणारा घेतो. साहेबाच्या घरी पोचवायला. ज्याचं काम अडलंय तो कशाला घासाघीस करेल?" बाबांनी सांगितले तेवढे पैसे पुढे केले, तसा तो हसला. "बघ, तुझ्या बाबूंनीपण केली नाही."

बाबांचे कान लाल झाले. परतीच्या ट्रॅममध्ये आंबा माझ्या मांडीवर, रुमालात होता. ट्रॅम हलली की मी तो दोन्ही हातांनी धरत होते. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

सकाळी त्यांनी मला बरोबर नेलं. "मोजायला तीच येईल," ते आईला म्हणाले. बडाबाजारात व्यापारी पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसला होता.

"अरे साहेब! परत? घरात पोरं आहेत, एखादा तरी चाखलात की नाही?"

"मोजून घ्या," बाबा म्हणाले.

आईने रात्री सगळे आंबे पुन्हा गुलाबी कागदांत गुंडाळले होते; मी एकेक त्याच्यापुढे ठेवत मोजू लागले. माझा आवाज बाराला चिरकला. चोविसावा त्याने उचलला, गुलाबी कागद सोडला, देठाशी नाक नेलं. मग हळूच म्हणाला, "हा माझा नाही. माझे सगळे एका झाडाचे आहेत."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी हो-नाही काहीच न म्हणता चालेल असं मला वाटत होतं. तो माणूसही तसंच सुचवत होता. बाबांकडे बघून तो हसत होता.

"नाही तुमचा," बाबा म्हणाले. "तुमचा एक माझ्या मुलीने खाल्ला, कुठून आला ते कळायच्या आधी. हा मी काल विकत आणला. तसंच लिहून द्या."

"एका आंब्यासाठी कागद, साहेब?"

"एका आंब्यासाठीच."

मुनीम आला. बाबा उभेच राहिले. लिहून होईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि तो हात घामाने ओला होता. गोदीत जाण्याआधी त्यांनी मला घराच्या ट्रॅममध्ये बसवून दिलं. घड्याळांच्या खोक्यांचा काय निर्णय दिला ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. नोकरी मात्र राहिली.

अक्षय्य तृतीयेला आजीने बाजारातली हिरवी कैरी आजोबांच्या पाटापुढे ठेवली. मला पन्ह्याचा पेला देताना म्हणाली, "आता पी." काकांची करंडी त्यानंतर आठवड्याने पोचली. निम्मे आंबे नासले होते.

बडाबाजारातला तो कागद माझ्या फायलीत आहे. घडीवर फाटला आहे, शाई तपकिरी झाली आहे. 'तेवीस आंबे परत मिळाले. एक बदली मिळाला.' एवढं अजून वाचता येतं.