देओदातोच्या खिशातली संत्री
अटलांटिकमधल्या आमच्या तेर्सेइरा बेटावर माणसाला दारू चढली तर चालते, बोट लागलेली चालत नाही. देओदातो ऑर्मोंदला लहानपणापासून बोट लागायची. बाप तिबुर्सियो मासेमार. त्याने एकदा पोराला भर धक्क्यावर उतरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्याला दुकानात बसवा कोणीतरी." तो दुकानाचा टोमणा देओदातोला पुढे कित्येक वर्षं चिकटला.

मग आमच्याकडे ढगांचं विमान आलं. समुद्रावर पसरलेल्या बुटक्या ढगांच्या खालून, मधून आणि वरून उडत मोजमाप करणारं. मी त्यावर मेकॅनिक. देओदातोला हवेतले बारीक कण मोजणाऱ्या यंत्रावर नोकरी मिळाली आणि म्हातारा पार बदलला. रोज संध्याकाळी पायरीवर बसून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "आज किती उंच गेलास रे?" रोज सकाळी अंगणातल्या झाडाची दोन संत्री पोराच्या खिशात घालायचा.

उंच कसलं डोंबलाचं. लाटांना चिकटून उडताना ते विमान असं हिंदकळतं की मीही खुर्ची घट्ट धरून बसतो. देओदातोला तर विमानही लागायचं. खालची फेरी संपून आम्ही ढगांच्या वर आलो की तो तोंड फिरवून संत्रं सोलायचा आणि साल हुंगत बसायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायचो, आणि घरी तो ह्यातलं अवाक्षरही काढत नसे. विमान लागणाऱ्याला जमिनीवरच ठेवतात, हे दोघांनाही माहीत होतं.

एका आठवड्यात आमच्या प्रमुख शास्त्रज्ञ डॉक्टर इवोने बाई फक्त नाचायच्या बाकी राहिल्या. ढगांच्या वर आलं की यंत्राच्या पडद्यावरची कणांची रेघ ताडकन चढायची. "इथे नवे कण जन्मतायत, देओदातो! उरलेली सगळी उड्डाणं इथेच करायची."

देओदातोचा चेहरा उतरला. रेघ नेमकी कधी चढते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याला अन्न गोड लागेना. शेवटी एका सकाळी, विमान हँगरमध्ये असताना त्याने यंत्र चालू केलं, सगळ्यांना बोलावलं आणि आपल्या जागेवर बसून संत्रं सोललं. थोड्या वेळात रेघ चढली.

"बाहेरची हवा आणणाऱ्या नळीचा सांधा सैल झालाय, डॉक्टर. आतलीच हवा यंत्रात शिरते. सालीचा वास हवेत मिसळला की त्याचे कण होतात. हे ढगांचे नाहीत, माझे आहेत."

"पण उड्डाणात संत्री सोलतोस कशाला? भूक लागते?"

हो म्हण, मी मनातल्या मनात म्हणत होतो. हो म्हटलं असतं तर सुटला असता.

"मला विमान लागतं," तो म्हणाला. मान खाली, कान लालबुंद. पायलट फिस्सकन हसला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. डॉक्टर म्हणाल्या, "बरं झालं, आत्ताच सांगितलंस." आणि त्याची जागा दुसऱ्याला दिली.

संध्याकाळी मीच त्याला घरी सोडलं. पायरीवर म्हातारा, कुंपणाला शेजारी.

"आज किती उंच गेलास रे?"

"कुठेच नाही, बाबा. काढलं मला. विमान लागतं मला."

शेजारी आपापले जोडे निरखू लागले. म्हातारा उठला, झाडाखाली गेला, दोन संत्री तोडून घेऊन आला आणि पोराच्या हातात ठेवली.

"आता खा तरी," तो म्हणाला, ह्या वेळी कुंपणापर्यंत जाणार नाही अशा आवाजात. "नुसती हुंगत बसू नकोस."