राखेत न निजलेली पाती

आमच्या घरात लोखंडाला निजवायची पद्धत होती. ऐरणीवर ठोकून पात्याला आकार दिला, की ते पुन्हा एकदा लाल करायचं आणि भट्टीमागच्या खळगीतल्या गरम राखेत पुरून ठेवायचं. सकाळी बाहेर काढायचं. ठोकलेलं लोखंड भांडून आलेलं असतं, त्याला निजू द्यावं, असं वडील म्हणायचे. राखेत सावकाश निवलेलं पातं मऊ पडतं, अंगातला ताण सोडून देतं. मग कानस, आणि सगळ्यात शेवटी पाणी. पाणी देणं म्हणजे पातं तापवून एकदम थंड करणं. धार टिकते ती त्यानेच. तेलात बुडवलं तरी आम्ही त्याला पाणीच म्हणायचो.

दुकान नाशकात भद्रकालीच्या अंगाला होतं. विळे, कोयते, अडकित्ते हा आमचा माल. सुरगाण्याकडची माणसं डोंगर उतरून आमचे कोयते न्यायला यायची आणि घेण्याआधी पात्यावर नख मारून आवाज ऐकायची. थोरला भाऊ ऐरणीवर आणि मी भट्टीवर, अशी आमची वाटणी. वडिलांच्या डोळ्यांना आगीचे रंग नीट दिसेनासे झाले, तेव्हापासून पाणी मीच देत होतो. त्या वर्षी खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेला, वडील भाऊबंदांसमोर सांडशी सोडणार होते. ज्याच्या हातात ती देतील त्याने सगळ्यांदेखत एका पात्याला पाणी द्यायचं आणि भट्टी त्याची व्हायची. ती माझ्याकडेच येणार, हे आळीत सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं, आणि जरा मिरवतच होतो म्हणा.

एकोणीसशे तीसनंतरची दोन-चार वर्षं असतील. देवळालीच्या छावणीतल्या भटारखान्यासाठी सुऱ्या करायचं काम आलं. अट एवढीच, की सुरी गंजता कामा नये. त्यासाठीचं पोलाद मुंबईहून पट्ट्यांनी आलं. व्यापारी त्याला रस्टलेस म्हणायचा, आम्ही बिनगंजी म्हणायला लागलो. मोठं आडमुठं पोलाद. साधं लोखंड डाळिंबी लाल झालं की पाणी घेतं. याला पिकल्या संत्र्याच्या रंगापर्यंत न्यावं लागायचं, तिथं थोडा वेळ धरावं लागायचं, आणि तिथून जरा पुढं गेलं की माती. तो रंग मला लवकर सापडला. दादाला सगळे लाल एकच दिसायचे. तो घणाचा राजा होता, पण आगीपुढं उभा राहिला की पाहुण्यासारखा दिसायचा.

पहिल्याच खेपेला माझी निम्मी पाती वाकली. फार नाही, पण फरशीवर ठेवलं की मधे काडी शिरावी एवढा बाक. सुरीला तेवढा पुरतो. मी म्हटलं, पातं आडवं बुडवलं असेल. पुढच्या खेपेला टोकाकडून उभं, सरळ खाली सोडलं. बाक आलाच. भात्याच्या बाजूने जास्त तापत असेल म्हणून निखाऱ्यात लोखंडी नळी ठेवून पातं तिच्यात तापवलं, म्हणजे आच सगळीकडून सारखी. थोडा फरक पडला. मग तेल कोमट करून पाहिलं. मग तेल सोडून दिलं आणि तापलेलं पातं दोन जाड लोखंडी पाट्यांच्या मधे दाबून निववलं. या पोलादाला तेवढंही चालतं, हे मला तेव्हाच कळलं. पाट्यांतून सुटलं की सरळ दिसायचं आणि जरा वेळाने बघावं तर पुन्हा तोंड वाकडं. कानस एका बाजूला जास्त लागली असेल म्हणून दोन्ही बाजू मोजूनमापून बघितल्या. वेड लागायची पाळी आली.

मी पुन्हा तेलावर आलो, आणि एकदा पातं आगीतून बाहेर काढलं तर तेलाचं भांडं जागेवर नव्हतं. मी थबकलो आणि सांडशीतल्या पात्याकडे पाहिलं. ते अजून तेलात गेलंच नव्हतं, आणि तरी वाकलेलं होतं. म्हणजे दोष पाण्याचा नव्हता! मी ओरडून वडिलांना बोलावलं.

दादाच आधी आला. "हात वाकडा असंल तर सांडशीतच वाकनार," तो म्हणाला आणि हसला. वडील हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भट्टीवरून उठवून भात्याशी बसवलं आणि पाणी दादाला द्यायला सांगितलं. दादाची पाती सरळ निघाली. सगळी. धारेला मऊ होती, हे मला नुसत्या रंगावरून कळत होतं, कारण संत्र्याच्या कितीतरी अलीकडेच तो पातं बाहेर काढायचा. पण बाक डोळ्याला दिसतो आणि धार महिन्याने कळते. बघायला आलेल्या भाऊबंदांनी मान डोलावली. एकाने तर माझ्या पाठीवर थाप मारली, एखाद्याच्या घरी काही वाईट घडल्यावर मारतात तशी.

त्यानंतर एका सकाळी बायको बोटं तोंडात धरून आत आली. भांडी घासायला राख तीच दर चार-आठ दिवसांनी खळगीतून काढायची.

"भाजली लय," ती म्हणाली. "इतके दिस गार असायची ती राख. मला काय ठाव, आज आत निखारे असतील म्हणून?"

"गार? कधीपासून?"

"तुमचं ते नवं पोलाद आलं तवापासून. पातीबी नसायची त्यात. मला वाटलं, ह्याला निजवायचं नसतं. आता पुन्हा ठेवाया लागलेत मोठे भावजी."

पाती राखेत ठेवायचं काम ऐरणीवाल्याचं, म्हणजे दादाचं; मी त्या खळगीत कधी डोकावायचोही नाही. माझ्या वाटणीची अजून पाणी न दिलेली काही पाती कोपऱ्यात पडली होती. मी एक उचललं. फरशीवर ठेवलं तर आरशासारखं सरळ. उजेडाकडे धरून त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली, तेव्हा एका अंगाला ओळीने बारीक गोल ठोके दिसले. वाकलेलं पातं गारच ठोकून सरळ केलं होतं, वरून घासून ठोके झाकले होते, आणि राखेत न निजवता माझ्यापुढं टाकलं होतं. असं पातं सरळ दिसतं, पण आतला ताण दाबून बसलेलं असतं. आग लागली की ते आपल्या मूळच्या बाकाला परत जातं.

दुपारी दादा जेवायला गेल्यावर मी ते पातं लाल केलं. माझ्या डोळ्यांदेखत ते वाकलं. तापलेलं असतानाच हलके ठोके देऊन सरळ केलं, पुन्हा लाल करून राखेत पुरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला पाणी दिलं. सरळ निघालं, आणि कानस त्याच्यावरून घसरली, इतकं कडक.

मी दादाकडे गेलो नाही. त्याच्याशी भांडण्यात मला रस नव्हता. हे पातं वडिलांपुढं ठेवायचं, ते घर डोक्यावर घेतील, दादाला फैलावर घेतील आणि मला भट्टीवर बसवतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते ओसरीवर एकटेच बसले होते. मी सगळं सांगितलं. कोपऱ्यातल्या दुसऱ्या एका पात्यावरचे ठोके दाखवले; त्यांना ते दिसणार नाहीत म्हणून त्यांचं बोट धरून ठोक्यांवरून फिरवलं. आपला मुद्दा पटवून देताना मी किती खूश होतो, हे आठवलं की आजही अंगाची आग होते.

त्यांनी पातं बाजूला ठेवलं.

"मला ठाव हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पयल्या खेपेपासून. घणाचा आवाज कळतो मला. गार पात्यावरचा आनि तापल्या पात्यावरचा." मग म्हणाले, "तू कुठंबी जाशील, तुझ्या हातात हुनर हाय. त्याला ही भट्टी सोडून कोन विचारील? त्याची पोरं हायेत."

मला मारलं असतं तर बरं झालं असतं. दादाने केलं ते लबाडीचं होतं, पण लबाडी कळते, तिचा राग येतो आणि जातो. वडिलांनी मला रात्रंदिवस तेल कोमट करताना, नळ्या बसवताना, स्वतःच्या हाताकडे संशयाने बघताना पाहिलं होतं. "कसं जमंना रे तुला?" असं मला विचारलंही होतं.

"आनि एक काम कर," ते म्हणाले. "नवमीला समद्यांसमोर त्याची फजिती नको. त्याला रंग कळत न्हाई. रंग आला की तू खोक. मी त्याला सांगितलंय."

म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं होतं. माझे डोळे हवे होते, फक्त मी नको होतो. मी 'नाही' म्हणालो आणि उठलो. जेवलो नाही, बायकोशी बोललो नाही. गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, जाऊन बसलो आणि रडलो, भर दिवसा, धुणं धुणाऱ्या बायकांसमोर.

खंडेनवमीला ऐरणीला झेंडू वाहिला, घणाला कुंकू लावलं, भाऊबंद दाटीवाटीने उभे राहिले. वडिलांनी सांडशी दादाच्या हातात दिली. मी भात्यावर होतो. पातं लाल झालं, डाळिंबी झालं, त्याच्याही पुढं गेलं. दादाची मान आगीकडे होती, पण कान माझ्याकडे होते. कपाळावर घाम होता. गप्प बसलो असतो तर पातं जळालं असतं आणि त्याच्याबरोबर त्याची अब्रू. मी पक्कं ठरवूनच आलो होतो की गप्प बसायचं. पण संत्र्याचा रंग आला, थोडा वेळ स्थिर राहिला, आणि ते चांगलं पातं फुकट जाताना मला बघवेना.

मी खोकलो.

दादाने झटकन पातं काढून तेलात सोडलं. सरळ निघालं, कडक निघालं. लोकांनी वा वा केली, दादा वडिलांच्या पाया पडला. मग वडील स्वतः गूळखोबरं वाटत माझ्यापर्यंत आले. माझ्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि आजूबाजूच्या चारचौघांना ऐकू जाईल असं, अगदी मायेने म्हणाले,

"खोकला लय वाढलाय रे तुझा. सुंठ घेत जा."