पाटावर ठेवलेली सुरी

निखिल आणि मीरा,

गेल्या महिन्यात निखिलने मला फोनवर एका सुरीचा फोटो पाठवला. सोबत प्रश्न होता, 'आजी, डोंगरात तंबू टाकायला चाललोय. ही महाग आहे, तरी घेऊ का?' उत्तर देण्याआधी शालूला विचारावं असं मी ठरवलं, कारण या विषयात आपल्या घरात तिचा शब्द शेवटचा. सकाळी तिला तलासरीला फोन लावला, तो तिच्याजवळ राहणाऱ्या जानकीने उचलला. 'वहिनी, तुमालाच लावत होते. बाय गेली... पहाटं, निजेतच.' मी खुर्ची ओढून बसले. कोणाकोणाला कळवलं ते विचारलं, आणि तुमच्या बाबांना गाडी काढायला सांगितली. निखिलच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. ते आता देते. तुम्ही दोघं तिला दोन-तीनदाच भेटलात, त्यामुळे तुमच्या लेखी शालूआजी म्हणजे चिकू सोलून देणारी एक म्हातारी. तेवढ्यावर हा हिशेब मिटू नये म्हणून थोडं लांबून सांगते.

शालू म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. मी मुंबईत इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि डहाणूच्या या चिकूच्या वाडीत लग्न होऊन आले, तेव्हा ती नुकतीच माहेरी परतली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा तापाने गेला होता. सासूबाईंना वाटे, पोरीने आता घरात राहावं, देवाचं करावं, कोणाच्या नजरेत येऊ नये. शालूने मात्र शिक्षिकेची परीक्षा दिली आणि तलासरीला मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत नोकरी धरली. पन्नास सालानंतरची ही गोष्ट आहे. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, होकार दिला, तो सासूबाईंनी एका अटीवर मान्य केला. 'काही विपरीत झालं, एक जरी बोल आला, की गाठोडं बांधायचं आणि घरी यायचं. मग पुन्हा विषय नाही.' शालू 'बरं' म्हणाली. तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका 'बरं'वर टांगलेलं होतं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

वसतिगृहातल्या मुली आसपासच्या पाड्यांवरच्या. रानात वाढलेल्या पोरी चार भिंतींत कोमेजतात असं शालूचं म्हणणं, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती त्यांना डोंगरावर किंवा नदीवर घेऊन जाई. कधी सायवनच्या बाजूलाही. मुलींना हत्यार जवळ बाळगायची परवानगी नव्हती, तेव्हा काकडी चिरायला, काटेरी फांदी तोडायला, चुलीसाठी काटक्या सोलायला जे काही लागेल ते बाईंजवळच हवं. तुमच्या आजोबांनी मोठ्या हौसेने मुंबईहून तिला एक घडीचा चाकू आणून दिला होता. त्यात दोन पाती, बूच काढायचा स्क्रू, आणखी काय काय. दिसायला देखणा. पहिल्याच सहलीत बांबूची कोवळी काठी कापताना तो तिच्या बोटांवर मिटला. रक्त पाहून मुली आधी घाबरल्या. मग त्यांतली सगळ्यात आगाऊ, जानकी, म्हणाली, 'बाय, तुझा चाकू निजला!' शालू ही गोष्ट सांगताना हसायची, पण त्या शनिवारी बोटाला चिंधी बांधून ती घरी आली तेव्हा सासूबाई हसल्या नाहीत. 'झालं? आज तुझं बोट, उद्या लोकांच्या पोरीचं.' मामंजी पेपरामागून म्हणाले, 'चाकू वाईट निघाला हो. त्यात पोरीचं काय चुकलं?' त्यावर तो दिवस निभावला. दुसरी संधी मिळेल असं मात्र कोणी म्हणालं नाही.

मग आम्ही दोघी सुरी शोधायला निघालो. न मिटणारी हवी, हे बोटाने ठरवलंच होतं. बाजारातल्या मोठ्या दुकानात चामड्याच्या म्यानातली एक विलायती सुरी होती. मला ती आवडली, पण शालूने किंमत ऐकून परत ठेवली. 'वहिनी, एवढी महाग घेतली तर मी हिला जपत बसेन. मला वापरायचीय.' हे वाक्य, निखिल, तू लिहून ठेवावंस. कोयता तिला जड आणि लांब वाटला. 'हा कमरेला लावला तर पोरी माझ्यामागून नाही, माझ्यापुढून पळतील.' शेवटी आशागडच्या रस्त्याला एक लोहार पथारी मांडून बसला होता, त्याच्याकडे आम्ही थांबलो. तो गुजरातीत बोले, गिऱ्हाईक पाहून मराठीत येई. 'बेन, आ लई जाओ, ही घेऊन जा! म्हशीचं हाड कापेल!' शालू म्हणाली, 'म्हस नाही कापायची, काकडी कापायचीय.' 'मग काकडी तर कापेलच ने!' तो तिला पाती दाखवत राहिला आणि ती एकेक बाजूला सारत राहिली. लांबीला आपल्या तळहातापेक्षा मोठं नको. पाठ जाड हवी, म्हणजे वरून दगडाने ठोकता येईल. पात्याचं शेपूट मुठीत अर्ध्यावर संपता कामा नये, टोकापर्यंत गेलेलं दिसायला हवं. ओल्या हाताने धरली तरी बोट पुढे घसरू नये. ती हात पाण्याच्या डब्यात बुडवून प्रत्येक मूठ धरून पाहत होती, तेव्हा लोहार वैतागून मला म्हणाला, 'बेन, ही सुरी घ्यायला आली का जावई पाहायला?' 'जावई पाहताना एवढं पाहिलं नव्हतं,' शालू म्हणाली आणि त्याच दमात तिने एक साधी, काळपट सुरी उचलली. म्यान तिने घरी येऊन चिकूच्या लाकडाच्या दोन फळ्यांचं केलं, त्याच सुरीने तासून.

दसऱ्याच्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून शालूने पुढची सहल त्या दिवशी ठरवली. पाड्यांवरून मुलींच्या आयाही यायच्या होत्या. खंडेनवमीला ती घरी आली, दसऱ्याच्या पहिल्या एसटीने परत जाण्यासाठी. आपल्याकडे खंडेनवमीला वाडीतली सगळी हत्यारं घासूनपुसून पुजायला मांडत. कोयते, विळे, कुदळी, स्वयंपाकघरातली विळीसुद्धा. मांडलेलं हत्यार दसऱ्याला दिवे लागेपर्यंत उचलायचं नाही. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली असे. सासूबाई हळदकुंकू लावता लावता थांबल्या आणि म्हणाल्या, 'शालू, तुझं हत्यार कुठंय? आण इकडे.' आईने आपल्या सुरीला घरच्या हत्यारांत जागा दिली, याचा शालूला इतका आनंद झाला की तिने धावत जाऊन ती आणली आणि स्वतःच्या हाताने मांडली. झेंडूचं फूल वाहून झालं, आरती झाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. 'वहिनी, उद्या...'

सासूबाईंनी हे मुद्दाम केलं का, हे मला आजही सांगता येणार नाही. शालूने तेव्हाच विचारून पाहिलं. 'आई, सकाळी मला ती लागेल.' 'देवापुढचं हत्यार आहे. रीत तुला माहीत नाही?' 'मग मी काय करू?' 'सहल पुढे ढकल.' निरोप पाठवायला वेळ नव्हता. मुली आणि त्यांच्या आया रस्त्यावर येऊन उभ्या राहणार. न गेली तर बाईंनी फसवलं असा बोल येणार, आणि सुरीशिवाय रानात जाऊन काही झालं तर अट आहेच. मी तिला घरातला, पूजेत न मांडलेला दुसरा चाकू सुचवला. तो पाहून ती म्हणाली, 'हासुद्धा निजणारा आहे.' गुपचूप सुरी उचलायचं तिच्या मनात आलं असेल तर ते ती बोलली नाही.

सकाळी मी उठले तेव्हा सासूबाई आंघोळ करून देवापुढे बसल्या होत्या. उत्तरपूजा त्यांनी उरकून घेतली होती, मामंजींची वाट न पाहता. असं त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. शालू पिशवी घेऊन दाराशी आली, तशी त्यांनी सुरीवरचं फूल बाजूला केलं, पात्यावरचं कुंकू पदराने पुसलं आणि सुरी पाटावर ठेवून पाट तिच्यापुढे सरकवला. शालूने घ्यायला हात पुढे केला होता. 'हातात देत नाही मी,' सासूबाई म्हणाल्या. 'हातात दिली की भांडण होतं. आपल्यात आधीच काय कमी आहेत? उचल. आणि पोरी दिवेलागणीच्या आत वसतिगृहात.' शालूने सुरी उचलली. वाकून नमस्कार करायला ती विसरली, आणि सासूबाईंनीही त्याची आठवण करून दिली नाही.

त्या सहलीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. काकड्या चिरल्या गेल्या, एका मुलीच्या पायातला काटा निघाला, मुली वेळेत परतल्या. दुसऱ्या दिवशी शालू आपट्याच्या पानांची जुडी घेऊन घरी आली. सासूबाई म्हणाल्या, 'सोनं दसऱ्याला लुटतात, एकादशीला नाही.' मग त्यांनीच ती पानं देवापुढे ठेवली. अटीचा विषय त्यानंतर त्या घरात निघाला नाही. शालू निवृत्त होईपर्यंत तलासरीलाच राहिली, पुढेही तिथेच. जानकी शिकून त्याच शाळेत लागली, आणि शेवटी शेवटी तिनेच शालूला सांभाळलं.

तेराव्याला जानकी इथे डहाणूला आली. तिचेही केस आता पांढरे झालेत. जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून चिकूच्या लाकडाचं म्यान काढलं. मी हात पुढे केला. तिने तो टाळला, सुरी टेबलावर ठेवली आणि माझ्या बाजूला सरकवली. 'हातात देत नाय वहिनी. बायने शिकवलंय.'

तर निखिल, न मिटणारी घे, आणि वापरताना जीव खालीवर होणार नाही इतपत किमतीची घे. शालूची सुरी माझ्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर आहे. धार लावून लावून पातं निम्म्यावर आलंय. मूठ अजून घट्ट आहे.